किडक्या मुगाची वही: जीवसंख्या कशी वाढते ते घरी मोजून पाहा

पावसाळ्यात मागे राहून गेलेला मुगाचा डबा उघडला, की घरातली माणसं सूप शोधतात आणि जीवशास्त्र शिकवणारा माणूस भिंग शोधतो. मी दुसऱ्या जातीचा. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात माझ्या हालचालींवर कायम लक्ष असतं, आणि ते रास्तच आहे, कारण एकदा माझ्या ढिलाईने बरणीचं रबर निसटलं होतं आणि घरातल्या सगळ्या कडधान्यांना माझा प्रयोग भोवला होता.

हा लेख अकरावी-बारावीचे आणि बी.एस्सी.चे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि ज्यांना नुसतं कुतूहल आहे अशा सगळ्यांसाठी. पुस्तकात इंग्रजी ‘एस’च्या आकाराचा एक वक्र असतो. त्याच्या डोक्यावर एक आडवी तुटक रेघ असते आणि रेघेशेजारी ‘धारणक्षमता’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्या जागेत जास्तीत जास्त किती जीव टिकून राहू शकतात तो आकडा. आपण तो वक्र परीक्षेत हुबेहूब काढतो. पण ती रेघ तिथेच का, जरा वर किंवा खाली का नाही, हे विचारायचं राहून जातं. ते कळायला सूत्रापेक्षा बरणी बरी, असं माझं मत आहे. तीनेक महिने, दर रविवारी एक तास आणि थोडे मूग एवढा खर्च.

आधी किडा ओळखा

कडधान्यातला भुंगेरा तांबूस-तपकिरी, तीन-चार मिलिमीटरचा, मागच्या बाजूला आखूड कापल्यासारखा दिसतो. तांदळात किंवा गव्हात दिसणारा, पुढे सोंड असलेला सोंडकिडा वेगळा. तो इथे चालणार नाही. मूग, चवळी, मटकी, हरभरा यांतले भुंगेरे बहुतेक कॅलोसोब्रुकस या एकाच प्रजातीतले असतात. त्यातल्या दोन जाती आपल्याकडे सर्रास सापडतात.

हा किडा आपल्या कामाला इतका सोयीचा का, ते त्याच्या आयुष्यात आहे. प्रौढ भुंगेऱ्याला खायला-प्यायला काहीच लागत नाही. दहा-बारा दिवस जगायचं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचं. मादी दाण्याच्या सालीवर एकेक अंडं चिकटवते. अंडी सपाट, चकचकीत, खसखशीहून बारीक पण नुसत्या डोळ्यांना दिसणारी. अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते आणि मागे अंड्यात भुसा भरते, त्यामुळे फुटलेलं अंडं पांढरं दिसतं आणि वाया गेलेलं पारदर्शक राहतं. अळी एकदा आत गेली की दाणा बदलता येत नाही. आईने चिकटवलं तेच घर आणि तेच ताट. पूर्ण वाढल्यावर ती सालीखाली गोल जागा पोखरून ठेवते, तिथे बाहेरून खिडकीसारखा गोल डाग दिसतो. मग एक दिवस झाकण ढकलून भुंगेरा बाहेर. उबदार हवेत हे सगळं तीन-चार आठवड्यांत होतं, थंडीत जास्त दिवस लागतात.

म्हणजे जन्म मोजता येतात (अंडी), येऊ घातलेली पिढी मोजता येते (खिडक्या), बाहेर पडलेले मोजता येतात (भोकं) आणि मेलेले तळाशी पडलेले असतात. हरणांच्या किंवा माशांच्या बाबतीत ही चैन कुणाला मिळत नाही.

चार बरण्या

लागणारं सामान: काचेच्या चार सारख्या बरण्या, मलमलचं कापड, घट्ट रबरं, भिंग, पांढरं पसरट ताट, मऊ रंगाचा ब्रश, वजनकाटा आणि एक वही. सुट्या पानांची वही नको, शिवलेलीच घ्या.

मूग अख्खे घ्या. घरच्या साठवणीतले घेणार असाल तर एक गोष्ट विचारून घ्या: त्यांना तेल चोळलंय का? एरंडेल चोळून ठेवलेल्या कडधान्यावर अंडी टिकत नाहीत. आपल्या आज्यांचा हा उपाय अगदी पक्का आहे, पण प्रयोगासाठी घातक. धान्यात ठेवायच्या औषधी गोळ्यांच्या सहवासातले मूगही नकोत. आणलेले मूग तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे आधीच आत बसलेले पाहुणे मरतील. नंतर बाहेर काढून पूर्ण कोरडे होऊ द्या.

दाणे मोजायचेच आहेत. १०० दाणे मोजून त्यांचं वजन करा आणि पुढचे वजनावर घ्या. प्रत्येक बरणीत ५०० दाणे, म्हणजे साधारण २० ग्रॅमच्या आसपास.

पहिली बरणी बंद: ५०० दाणे, ५ नर आणि ५ माद्या, नंतर काही भर नाही. दुसरीत सुरुवात तशीच, पण नवी पिढी बाहेर पडायला लागली की दर रविवारी १०० ताजे दाणे घालायचे. तिसरीत तसंच, फक्त दर रविवारी ५० दाणे. चौथीत ५०० दाण्यांवर सुरुवातीलाच २० जोड्या सोडायच्या आणि भर घालायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बरणीत गर्दी झाली तर भोक पडलेले आणि कुठेही खिडकी किंवा ताजं अंडं नसलेले दाणेच काढा. इतर दाण्यांत कोणी असू शकतं.

नर-मादी ओळखायला भिंग लागेल. एका जातीत नराच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी असतात, एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. दुसऱ्या जातीत मिशा पाहून काम होत नाही, तिथे मादीच्या शेवटच्या टोकावर गडद पट्टे असतात. दोन्ही जाती एका बरणीत मिसळू नका, नाहीतर तुम्ही स्पर्धेचा प्रयोग कराल आणि नाव वाढीचं द्याल.

रविवारची मोजणी

बरणी पाच-सात मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, भुंगेरे सुस्तावतात. मग ताटात ओता, मोबाइलने वरून फोटो काढा आणि ब्रशने एकेक बाजूला सारत मोजा: जिवंत, मेलेले, भोकं, खिडक्या. मेलेले बाहेर काढा, नाहीतर पुढच्या रविवारी तेच परत मोजाल. आकडा लगेच वहीत लिहा. ‘नंतर फोटोवरून मोजू’ असं ठरवलेला कुठलाही फोटो आजवर माझ्याकडून मोजला गेलेला नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बरणीत एकही जिवंत भुंगेरा दिसणार नाही. दर वर्षी एखादा विद्यार्थी इथे घाबरून सांगतो, “सर, सगळे मेले, प्रयोग फसला.” फसलेला नसतो. जुनी पिढी संपलेली असते आणि नवी दाण्यांच्या आत जेवत असते. हा रिकामा आठवडा वहीत ठळक करा, पुढे त्याचा उपयोग आहे.

कुठल्याही जीवसंख्येचा हिशेब चारच खात्यांवर चालतो: जन्म आणि बाहेरून आलेले जमा, मृत्यू आणि बाहेर गेलेले वजा. मलमलचं कापड घट्ट बांधल्यामुळे आपण दोन खाती बंद केली आहेत. हे निसर्गात जवळपास कधीच नसतं.

अंडी सांगतात ते

जोड्या सोडल्यावर आठवड्याभराने एक सुंदर काम करता येतं. डोळे मिटून ५० दाणे उचला आणि प्रत्येक दाण्यावरची अंडी मोजा. किती दाण्यांवर शून्य, किती दाण्यांवर एक, किती दाण्यांवर दोन, असा तक्ता करा.

समजा ५ माद्यांनी प्रत्येकी ८० अंडी घातली. एकूण ४०० अंडी, दाणे ५००, म्हणजे दाण्यामागे सरासरी ०.८. माद्या आंधळेपणाने कुठेही अंडी घालत असत्या, तर प्वासाँच्या नियमाप्रमाणे (निव्वळ योगायोगाने होणाऱ्या वाटणीचा संख्याशास्त्रातला नियम) सुमारे ४५ टक्के दाणे कोरे राहिले असते, म्हणजे तुमच्या ५० पैकी बावीस-तेवीस. प्रत्यक्षात कोरे दाणे त्याहून कमी निघतील आणि तीन-चार अंड्यांचे दाणेही कमी दिसतील. कारण मादी दाणा तपासते आणि आधी अंडं असलेला दाणा शक्यतो टाळते. जागा आहे तोवर ती पोरांना वेगवेगळ्या घरात ठेवते.

चौथ्या बरणीत हाच तक्ता करा. तिथे २० माद्या आहेत, टाळायला कोरे दाणे पुरत नाहीत. एकेका दाण्यावर तीन-चार अंडी दिसतील. मुगाच्या दाण्यातून बहुधा एकच भुंगेरा बाहेर येतो, क्वचित दोन. उरलेल्यांचं काय होतं ते सालीच्या आड घडतं. गर्दीचा परिणाम पुस्तकात ‘घनतेवर अवलंबून असलेली मर्त्यता’ या भारदस्त नावाने येतो. इथे तो एका मुगाच्या पोटात बसलेला असतो.

वाढदर काढणं

आता पहिल्या बरणीची पहिली पिढी घ्या. समजा ४०० अंड्यांतली ७० टक्के तगली, २८ दिवसांनी २८० भुंगेरे बाहेर आले. १० चे २८०, म्हणजे २८ पट. रोजचा वाढदर काढायचा तर २८ चा नैसर्गिक लॉगॅरिदम (३.३३) घ्या आणि त्याला २८ दिवसांनी भागा: ०.११९, सोयीसाठी ०.१२. दुप्पट व्हायला लागणारे दिवस हवे असतील तर ०.६९३ ला या आकड्याने भागा, सहा दिवसही भरत नाहीत. तुमच्या वहीतले आकडे वेगळे असतील. तेच वापरा, माझे नकोत.

हाच दर टिकला तर? दुसऱ्या पिढीत ७,८४०, तिसऱ्या पिढीत २,१९,५२०. तीन महिन्यांच्या आत, २० ग्रॅम मुगावर! घातांकी वाढीचं, म्हणजे दर वेळी तेवढ्याच पटीने वाढण्याचं, सूत्र गणित म्हणून चुकत नाही, पण त्याला मूग दिसत नाहीत. इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसने १७९८ मध्ये माणसांबद्दल हीच काळजी मांडली होती. तिला गणिताचं रूप १८३८ मध्ये बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट या गणितज्ञाने दिलं.

पहिल्या बरणीत प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. २८० मध्ये १४० माद्या धरा. त्यांनी तशीच प्रत्येकी ८० अंडी घातली तर ११,२०० अंडी. न पोखरलेले दाणे उरलेत २२० च्या आसपास. दाण्यामागे पन्नासेक अंडी! दाणा अक्षरशः पांढरा दिसतो. त्यातून बाहेर येणार जेमतेम दाण्यांच्या संख्येइतके. म्हणजे पहिल्या पिढीत २८ पट झालेली वाढ दुसऱ्या पिढीत एक पटही उरत नाही, आणि तिसऱ्या पिढीला काही शिल्लकच नसतं. या बरणीचा आलेख ‘एस’सारखा होत नाही. चढतो आणि कोसळतो. विद्यार्थी विचारतात, मग पुस्तकातली आडवी रेघ कुठे गेली? रेघ तेव्हाच येते जेव्हा दाणे पुन्हा पुन्हा येत राहतात. म्हणून दुसरी आणि तिसरी बरणी.

रेघ कुठे काढायची

दुसऱ्या बरणीत आठवड्याला १०० दाणे येतात. प्रत्येकातून एक भुंगेरा, आणि तो साधारण दीड आठवडा जगतो. म्हणजे कुठल्याही वेळी बरणीत जिवंत असू शकतात सरासरी १०० गुणिले दीड, १५०. तिसऱ्या बरणीत ७५. धारणक्षमता काढायला मला भुंगेऱ्याच्या अंड्यांचा आकडा लागलाच नाही! मादीने ८० अंडी घातली काय किंवा ४० घातली काय, रेघ तिथेच. अंडी फक्त रेघेपर्यंत किती झपाट्याने पोचायचं ते ठरवतात. धारणक्षमता हा किड्याचा गुण नव्हे. तो बरणी, दाणा आणि किडा यांच्यातला व्यवहार आहे. परीक्षेत एवढं एक वाक्य लिहिलंत तरी मी गुण देईन.

आता व्हेरहुल्स्टचं सूत्र कागदावर चालवा. शब्दांत ते असं: पुढच्या आठवड्याची संख्या म्हणजे आताची संख्या, अधिक वाढदर गुणिले आताची संख्या गुणिले उरलेल्या जागेचा वाटा. उरलेल्या जागेचा वाटा म्हणजे १ वजा (आताची संख्या भागिले धारणक्षमता). वाढदर दिवसाला ०.१२, म्हणजे आठवड्याला ०.८४. धारणक्षमता १५०. सुरुवात १०.

आठवड्यांचे आकडे असे येतात: १०, १८, ३१, ५२, ८१, ११२, १३६, १४७. शेजारी दर आठवड्याची भर लिहा: ८, १३, २१, २९, ३१, २४, ११. भर सर्वात जास्त कधी? संख्या ८१ असताना, म्हणजे धारणक्षमतेच्या निम्म्याच्या जवळ. मासेमारीत किंवा कुरणात ‘किती काढलं तर साठा टिकेल’ या प्रश्नाचं जुनं उत्तर याच जागेवर उभं आहे. ते प्रत्यक्षात पाळणं फार अवघड, कारण समुद्रात ‘निम्मं’ कुठे आहे हे कुणाला दिसत नाही. एक्सेलमध्ये हे दोन मिनिटांत होतं, पण पहिल्यांदा हातानेच करा. कंस कुठे पडतो ते हाताला कळलं पाहिजे.

तुमच्या खऱ्या दुसऱ्या बरणीचे आकडे याच आलेखावर वेगळ्या रंगाने काढा. जुळणार नाहीत. इथून पुढे खरी मजा.

आकडा झोके घेतो तेव्हा

खरी बरणी रेघेवर गुपचूप जाऊन बसत नाही. ती रेघ ओलांडते, खाली येते, पुन्हा ओलांडते. कारण त्या रिकाम्या आठवड्यात आहे. अंडं घालणाऱ्या मादीला आज किती दाणे मोकळे आहेत ते कळतं, पण आत किती अळ्या आधीच बसल्या आहेत त्याचा परिणाम दिसायला महिना लागतो. ताटात दिसतात ते भुंगेरे म्हणजे पूर्ण जीवसंख्या नव्हे, ती नुसती वरची साय. निर्णय आज आणि परिणाम महिन्याने, असं असलं की कुठलीही व्यवस्था झोके घेते. गिझरचं पाणी अंगावर यायला वेळ लागतो म्हणून आपण नळ नको तेवढा फिरवतो, तसंच.

कागदावर हे करून बघायचं तर सूत्रात वाढदर ०.८४ ऐवजी २.२ घाला आणि ११२ पासून सुरू करा. ११२, १७४, ११३, १७४… संख्या १५० वर कधीच थांबत नाही, दोन आकड्यांमध्ये उड्या मारत राहते. दर २.७ करून पन्नास ओळी चालवा. आता कुठलाही क्रम सापडणार नाही. बाहेरून पाऊस नाही, रोग नाही, शिकारी नाही, तरी आकडे वेड्यासारखे. शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं की इतक्या साध्या सूत्रातून असा गोंधळ निघू शकतो. रानातली संख्या वर-खाली झाली की आपण लगेच ‘कारण’ शोधायला बाहेर धावतो. कधी कधी कारण आतच असतं.

बरणीत तिसरा आला तर

घरच्या कडधान्यात कधी कधी भुंगेऱ्यांबरोबर दोन-तीन मिलिमीटरच्या बारीक काळसर, पंखवाल्या माश्या दिसतात. मारू नका. त्या परोपजीवी गांधीलमाश्या असण्याची बरीच शक्यता आहे. त्यांची मादी सालीतून सुईसारखा अवयव खुपसून आतल्या अळीवर अंडं घालते, आणि खिडकीतून भुंगेऱ्याच्या जागी माशी बाहेर येते. मिळाल्या तर पाचवी बरणी लावा. जपानमधल्या क्योटोतील कीटकशास्त्रज्ञ श्युनरो उटिडा यांनी भुंगेरे आणि अशा गांधीलमाश्या एकत्र वाढवल्या होत्या. दोघांच्या संख्या पिढ्यान्‌पिढ्या कशा झोके घेतात, हे त्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलं. भुंगेरे वाढले की थोड्या काळाने माश्या वाढतात, भुंगेरे घटतात, मग माश्याही घटतात. माश्यांचा आलेख नेहमी एक पाऊल मागे.

शिकार आणि शिकारी या जोडीचं गणित लोटका (१९२५) आणि व्होल्टेरा (१९२६) या दोन गणितज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलं. व्होल्टेराकडे प्रश्न आला तो माशांचा. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली, तर बाजारात येणाऱ्या माशांमध्ये शार्कसारख्या शिकारी माशांचा वाटा वाढलेला दिसला. का? त्याच्या गणितातून निघालेलं उत्तर असं: शिकार आणि शिकारी या दोघांनाही सारखंच मारत राहिलात तर सरासरीने फायदा शिकाऱ्याचा नव्हे, तर ज्याची शिकार होते त्याचा होतो. मारणं थांबलं की उलट.

हे समुद्राचं गणित उसाच्या शेतकऱ्यांनी फार जवळून पाहिलं आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात उसावर लोकरी मावा उसळला आणि पश्चिम महाराष्ट्रात, पुढे उत्तर कर्नाटकात पसरला. पानाखाली पांढऱ्या लोकरीचा थर, खालच्या पानांवर चिकट गोड स्राव, त्यावर काळी बुरशी, आणि काळवंडलेला ऊस. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात. म्हणजे आपल्या सूत्रातला वाढदर भुंगेऱ्यालाही लाजवेल असा. उसाचे फड एकाला एक लागून, म्हणजे बरणीही अफाट. औषध फवारलं की मावा मरायचा, पण त्याच्यावर जगणारेही मरायचे, आणि उरलेला मावा त्यांच्याआधी सावरायचा. अखेर जोर लावला तो मित्रकीटकांवर. माव्याच्या थरात राहून त्याला खाणारी डिफा ही अळी आणि मायक्रोमस हा कीटक. शेतकरी डिफा असलेली पानं कापून शेजारच्या फडात नेऊन लावत. पुढे ईशान्य भारतातून आणलेली एनकार्सिया ही बारीक परोपजीवी माशीही सोडली गेली. मावा नाहीसा झाला नाही, आजही अधूनमधून दिसतो. फक्त त्याची रेघ खाली आली. पाचव्या बरणीत पाहायचं ते नेमकं हेच: माश्या भुंगेरे संपवत नाहीत, त्यांची सरासरी खाली आणतात. संपवले तर त्याही संपतात.

ओतून मोजता येत नाही तेव्हा

बरणी ताटात ओतता येते. तळं, रान, गाव ओतता येत नाही. त्यासाठी खूण करून परत पकडायची पद्धत. आधी खोट्या प्राण्यांवर सराव करा. डब्यात न मोजता बरेचसे राजमे घाला. त्यातले ४० काढून मार्करने खूण करा, परत टाका, डबा नीट हलवा. मग डोळे मिटून ५० काढा. समजा त्यात ८ खुणेचे निघाले. अंदाज: ४० गुणिले ५० भागिले ८, म्हणजे २५०. खुणेचे कमी निघाले तर हे सूत्र अंदाज जरा फुगवतं, म्हणून सुधारित रूप वापरतात: ४१ गुणिले ५१ भागिले ९, त्यातून १ वजा, साधारण २३१. आता सगळे राजमे मोजा आणि दहा वेळा हेच करा. आकडे किती पसरतात ते पाहिलंत की वर्तमानपत्रातल्या कुठल्याही ‘गणने’कडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

मग मुद्दाम गोंधळ घाला. डबा न हलवता वरूनच काढा. किंवा खुणेचे पाच राजमे मधेच चोरा. पद्धतीची गृहीतं पाठ करण्यापेक्षा ती मोडून पाहिली की कायमची लक्षात राहतात: खूण पुसायला नको, खुणेमुळे मरायला नको, सगळे सारखे पकडले जायला हवेत, मधल्या काळात कुणी यायला-जायला नको.

वाघांना रंग लावावा लागत नाही, पट्टे हीच खूण. कॅमेऱ्यात टिपलेले पट्टे जुळवून हेच गणित जास्त बारकाईने केलं जातं. २०२२ च्या देशव्यापी अंदाजात भारतात सुमारे ३,६८२ वाघ आले, महाराष्ट्रात ४४४. पण वाघाच्या बाबतीत आपण बंद ठेवलेली दोन खाती उघडतात. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, ‘वॉकर’ नावाने ओळखला गेलेला तरुण नर २०१९-२० मध्ये गळ्यातल्या रेडिओ कॉलरसह महाराष्ट्र-तेलंगणात सुमारे ३,००० किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. टिपेश्वरच्या वहीत एक वजा, ज्ञानगंगेच्या वहीत एक जमा. मधला कॉरिडॉर, म्हणजे दोन जंगलांना जोडणारा पट्टा, नसता तर? एका खात्यात मृत्यू लिहिला गेला असता.

ही तुलना ओढूनताणून केलेली वाटेल, पण चवळीवरच्या भुंगेऱ्यात असंच काहीसं घडतं. दाण्यांत अळ्यांची गर्दी आणि उष्णता वाढली की पुढच्या पिढीत उडणाऱ्या भुंगेऱ्यांचं प्रमाण वाढतं. ते अंडी कमी घालतात, पण दूर जाऊ शकतात. शांत बरणीत ते क्वचितच दिसतात. म्हणून चौथ्या बरणीचं कापड दुहेरी बांधा. माझ्या स्वयंपाकघरातल्या त्या प्रसंगात रबर ढिलं होतंच, पण गर्दीतले तेवढेच भुंगेरे तुरीच्या डब्यापर्यंत का पोचले, हे मला नंतर कळलं.

आवरताना

दहा-बारा आठवड्यांनी थांबा. पहिल्या बरणीतले सगळे दाणे ओतून शेवटची मोजणी करा: किती दाणे अजून अखंड आहेत? माझ्याकडे दर वेळी काही निघतात, अंड्यांनी झाकलेले पण ज्यांतून कुणीच बाहेर न आलेले. का, ते त्यावरची अंडी भिंगाखाली घेऊन पाहा: पांढरी किती, पारदर्शक किती.

मग बरण्या झाकणासकट चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. मेलेले भुंगेरे आणि भुसा कुंडीच्या खतात जाऊ द्या. जिवंत किडे बाहेर सोडू नका, शेजाऱ्याचं कोठार हे तुमच्या प्रयोगाची पुढची बरणी नाही. उरलेले मूग कितीही चांगले दिसले तरी घरच्या डब्यात परत नाहीत. कापडं उकळत्या पाण्यात, बरण्या कडक उन्हात, आणि वही स्वयंपाकघराबाहेर.